सतरा आणि पंचवीस

सांगली,
कार्तिक शु. २, शके १८६५

सौ. गोदूवहिनीस विनूचा मनापासून नमस्कार. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलंय म्हणून सांग.

आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा थंडी पडायच्या आधीच धरलाय, त्यामुळे दिवसभर घरात कोणाचं ना कोणाचं चुकतंच. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं उघडली. हे संध्याकाळी घरी येतात ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन, आणि गाद्यांच्या खोळी धुता धुता माझा जीव जातो. तुझा फराळाचा डबा नरकचतुर्दशीला पोचला. एकही चकली मोडली नव्हती. करंज्यांत सारण जरा कमी होतं, पण खोबऱ्याचे भाव ऐकल्यावर मी तुला नावं ठेवत नाही.

वहिनी, मी घाबरले की अशी बडबडते, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. हे पत्र टपालानं न पाठवता बांगडीवाल्या हाजराबीच्या नवऱ्याच्या, इलियासच्या, हाती देते आहे. तो आजच साताऱ्याला निघतोय. टपाल हल्ली फोडून वाचतात. दाराला कडी घालून वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. चुलीत घालायच्या आधी मात्र माडीवर जो बसलाय, त्यालाही वाचायला दे.

हो. मला कळलंय. तू एका शब्दानं सांगितलं नाहीस, बरोबरच केलंस. पण मला कळलंय, आणि पंचाईत अशी आहे की ते कळणारी मी एकटीच राहिलेली नाही.

डब्यात हळदकुंकवाच्या पुडीबरोबर तू ते नाणं घातलंस. सोबत लिहिलंस, ‘जुन्या सामानात मिळालं, तुझ्या संग्रहाला घे.’ तुला वाटलं असेल, विनूकडे जपानी नाण्यांचा ढीग पडलाय, त्यात आणखी एक. दुसऱ्या कोणालाही तसंच वाटलं असतं. माझी नाणी तू कधी नीट बघितलीच नाहीस. मी दाखवायला लागले की तू जांभया द्यायचीस.

म्हणून थोडक्यात सांगते. लढाईच्या आधी जपानी काचेच्या बांगड्यांच्या आणि मण्यांच्या पेट्या मुंबईहून यायच्या. बंदरावरचे लोक तिकडची चिल्लरही विकायचे. इलियास ती मूठमूठभर आणायचा आणि हाजराबी मला बांगड्यांवर वर म्हणून द्यायची. तांब्याची, मळकी, कवडीमोलाची नाणी. मला गोडी लागली ती त्यांच्या सालांमुळे. तिकडे नवा राजा गादीवर बसला की साल पुन्हा एकपासून सुरू होतं. आताच्या राजाच्या सालात पंचवीस मिळवले की आपलं इंग्रजी साल निघतं. आकडेही सोपे. एक, दोन, तीन म्हणजे नुसत्या आडव्या रेघा, दहा म्हणजे अधिकचं चिन्ह, आणि सात म्हणजे त्याच अधिकचा पाय उजवीकडे मुरडलेला. वाचायचं मात्र उजवीकडून, इलियासच्या उर्दूसारखं. दर सालाचं एक अशी मी दोनपासून पंधरापर्यंत रांग लावली होती. सोळाचं काही केल्या मिळेना, तेवढ्यात जपानशी लढाई जुंपली आणि पेट्या यायच्या बंद झाल्या.

तू पाठवलेलं नाणं सतराचं आहे. सतरा आणि पंचवीस, बेचाळीस. बेचाळीस सालातलं जपानी नाणं साताऱ्यात कोणाच्या जुन्या सामानात सापडणार? ते कोणाच्या तरी खिशातून आलं, आणि तो कोणीतरी जपान्यांच्या मुलखातून आला. पलटणीबरोबर गेलेला आपला शरूदादा ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हापासून दीड वर्ष तू नवी बांगडी भरली नव्हतीस. गेल्या महिन्यात हाजराबी साताऱ्याला माहेरी जाऊन आली तेव्हा सांगत होती, “आवं बाई, तुमच्या वयनीनं ह्या बारीला हिरवा चुडा भरून घेतला. लय हसत हुत्या.” तेव्हा मला नुसतं बरं वाटलं होतं. आता दोन्हींचा अर्थ एकदम लागला. भाऊबीजेला बहिणीला काहीतरी घालावं म्हणून शरूदादानंच खिसा चाचपला असेल. दुसरं काय होतं त्याच्याजवळ? वहिनी, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण तो होता होताच विरला, कारण ते नाणं मी पहिल्यांदा पाहिलं ते फौजदारांच्या बोटांत.

डबा सासूबाईंनी उघडला होता; तुझी चिठ्ठी मला नंतर पुडीत सापडली. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातलं एकूण एक नाणं चिंचेनं घासून ताटात मांडायची रीत आहे. तांब्याचं असो की चांदीचं, चालतं असो की बंद झालेलं. माझ्या नाण्यांवरचा जुना रंग सासूबाई दरवर्षी घासून काढतात आणि दरवर्षी मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. यंदा त्यांनी डब्यातलंही घासलं आणि ताटात ठेवलं. मला सांगायचं त्यांना कारणच काय होतं?

पूजा झाली आणि पानसुपारीला मंडळी जमली. तात्यासाहेब फौजदारही आले. ते ह्यांचे स्नेही. गेल्या वर्षी आमच्या घरात जपानी नाणी आहेत अशी कोणीतरी कागाळी केली, तेव्हा चौकशीला हेच आले होते. मी घाबरून त्यांना सगळे आकडे वाचायला शिकवले. “बघा, सगळी पंधरापर्यंतची, लढाईच्या आधीची,” असं म्हणत एकेक नाणं पुढे करून पटवलं. माणूस हुशार, एका बैठकीत शिकले. त्यांनाही गंमत वाटली. तेव्हापासून घरी आले की एखादं नाणं मागून घेऊन मोठ्यानं वाचतात.

परवाही त्यांनी ताटात हात घातला. नेमकं तेच उचललं, कारण ते पांढऱ्या धातूचं आहे, फुंकरीनं उडेल इतकं हलकं, वर डोंगराचं चित्र. “हे नवं दिसतंय, वहिनीसाहेब,” म्हणाले आणि दिव्याजवळ धरून वाचायला लागले. “दहा... सात. सतरा. सतरा आणि पंचवीस...” माझ्याकडे बघत राहिले.

“कुठून आलं हे?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “साताऱ्याहून. सुनेच्या माहेरून, फराळाच्या डब्यात.”

तुमच्याकडे भूमिगतांच्या शोधात रोज घरं उपसताहेत हे मला माहीत आहे. जपान्यांकडून चोरून परत आलेल्या माणसाला हेर म्हणून फासावर चढवतात हेही ऐकलं होतं. आपली माडी डोळ्यांपुढे आली, तिचा तो करकरणारा जिना आला, आणि मी बोलून गेले.

“आघाडीवरून एक शिपाई रजेवर आला होता. त्यानं आणून दिलं. दादाच्या खिशात सापडलं म्हणाला.”

“खिशात सापडलं म्हणजे?”

“दादा गेला,” मी म्हणाले.

असं म्हणाले मी, वहिनी. लक्ष्मीसमोर, माणसांनी भरलेल्या घरात, जिवंत भावाला मी तोंडानं मारलं.

मग जो गलका झाला तो काय सांगू! सासूबाई सगळ्यांदेखत ओरडल्या. “अगं, सुतकातल्या हातानं नैवेद्य रांधलास? लक्ष्मीला दाखवलास?” मी म्हणाले, सण निर्विघ्न पार पडावा म्हणून खबर लपवली होती. त्या मला वाटेल ते बोलल्या, आणि त्यांच्या रागामुळेच फौजदारांना माझं खरं वाटलं असावं. सणासाठी मरणाची खबर दाबून ठेवणारी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील. त्यांनी शिपायाचं नाव विचारलं. मी आकाराम म्हणाले. आडनाव अण्णांना ठाऊक, तो पुन्हा पलटणीत गेला, असंही म्हणाले. अण्णांना हे पाठ करून ठेवायला सांग. फौजदारांनी नाणं खिशात घातलं. “साताऱ्याला कळवायला हवं,” एवढंच बोलले आणि पान न घेता गेले.

कधी कळवतील, तुमच्याकडे कोण येईल, मला काही कळत नाही. आज भाऊबीज. दादा पलटणीत गेल्यापासून मी चंद्राला ओवाळून भाऊबीज करते. आज सुतकात म्हणून कोपऱ्यात बसले आहे. हे येऊन मला धीर देतात, स्वतः डोळे पुसतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्यांनाही मी खरं सांगितलेलं नाही. ते फार भोळे आहेत, फौजदारांच्या हाती पान देता देता सांगून मोकळे होतील. परवा ते समाचाराला साताऱ्याला निघणार आहेत.

तेव्हा ते तिथे पोचायच्या आधी, वहिनी... इथे मी टाक बुडवून तसाच वाळू दिला. पण लिहायलाच हवं. तुला कुंकू पुसावं लागेल. बांगड्या, मंगळसूत्र, सगळंच उतरवावं लागेल. आळीतल्या बायकांनी ते बघायला हवं. अण्णांनी माहुलीच्या घाटावर जाऊन त्याचे दिवस करायला हवेत. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात ना, तसा. आणि त्या आधी दादा घराबाहेर पडायला हवा. इलियास त्याला बांगड्यांच्या गाडीवरचा हमाल म्हणून घेऊन जाईल. मी इलियासला सगळं सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. म्हणाला, “बाई, मानूस हाय न्हवं? मग झालं. बांगड्यांची पेटी नेतो तसा नेतो. तडा न्हाई जानार.”

दुसरी काही वाट असली तर मला दिसत नाही. तुला दिसली तर तीच धर आणि मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण उशीर करू नका. दाराची कडी वाजली की मी हे पत्र पदराखाली लपवते. इथे ही गत, मग तिथे तुझी काय असेल.

दादाला सांग, ओवाळणी पोचली.

तुझी घाबरट,
विनू


सांगली,
कार्तिक व. ३, शके १८६५

गं. भा. गोदावरीबाई यांस सौ. विनोदिनीचा नमस्कार.

आमच्या घरचे साताऱ्याहून काल परत आले. त्यांच्या तोंडून सर्व हकीकत समजली. ती. अण्णांनी माहुलीस यथासांग सर्व विधी केले, आळीतील मंडळींनी फार आधार दिला, हे ऐकून समाधान वाटले. ईश्वरी इच्छेपुढे कोणाचे काय चालते? आपण धीर धरावा आणि अण्णांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष द्यावे.

आपण दारात उभ्या होता तेव्हा ह्यांनी आपल्याला प्रथम ओळखलेच नाही, असे ते म्हणाले. यापुढे मला काही विचारवले नाही.

इलियास बांगडीवाले आपला माल मिरजेपलीकडे पोचवून सुखरूप परत आले आहेत. तडा कोठेही गेला नाही.

येथील फौजदारसाहेब भेटावयास आले होते. आपल्या दुःखात आपण सहभागी आहोत असे कळवा म्हणाले. पत्र टपालाने पाठवीत आहे, पोचल्याचे कळवावे.

थंडी एकाएकी फार वाढली आहे. उघड्यावर राहणाऱ्या माणसांचे कसे होत असेल, हा विचार मनातून जात नाही.

आपली,
सौ. विनोदिनी


सांगली,
मार्गशीर्ष व. ५, शके १८६७

गोदूवहिनी,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते न कळून जागा तशीच सोडली आहे. या दोन वर्षांत टपालानं पाठवलेल्या प्रत्येक पत्रावर ‘गं. भा.’ लिहिताना माझा हात थांबायचा. आज हे पत्र पुन्हा इलियासच्याच हाती देते आहे, तेव्हा तरी ते लिहायचं नाही असं ठरवलं.

सासूबाई आता अंथरुणातून घर चालवतात आणि पूर्वीपेक्षा चांगलं चालवतात. रॉकेल मिळत नाही, साखर मिळते ती मुंग्यांसकट. हाजराबीच्या टोपलीत पुन्हा नव्या काचेच्या बांगड्या दिसायला लागल्या. मी नाणी मागेन या भीतीनं इलियास माझ्यासमोर बंदराचं नावसुद्धा काढत नाही. मागणार तरी कशाला? माझी सगळी रांग मी तेव्हाच आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकली, हे तुला ठाऊकच आहे.

बघ, पुन्हा बडबडायला लागले. तेव्हा दादासाठी घाबरले होते, आज तुला घाबरते आहे.

तात्यासाहेब फौजदार पेन्शनीत निघाले. तासगावकडे त्यांचं गाव आहे, तिकडे जायच्या आधी काल निरोप घ्यायला आले होते. हे बाजारात गेले होते. फौजदारांनी कागदात गुंडाळलेलं ते नाणं माझ्यासमोर ठेवलं. “हे तुमचं,” म्हणाले. मी आभार मानले. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, साताऱ्याहून तेव्हा काय उत्तर आलं होतं?

“कोणाचं उत्तर? मी साताऱ्याला लिहिलंच नाही.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“वहिनीसाहेब, भाऊ गेलेली बहीण आधी रडते, मग घाबरते. तुम्ही नुसत्या घाबरलेल्या होतात. तुमचा भाऊ जिवंत आहे हे मला तिथंच कळलं.”

“मग ‘कळवायला हवं’ म्हणालात ते?”

“घर माणसांनी भरलं होतं. मी दुसरं काय म्हणणार? त्यांतल्या कोणी माझी चुगली केली असती म्हणजे? मला वाटलं, घाबरून त्याला कुठेतरी हलवाल. तेवढंच व्हायला हवं होतं.” मग खाली बघून म्हणाले, “तुमच्या भावजयीचं कुंकू जाईल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. कळलं तोवर होऊन गेलं होतं. मग काय तोंडानं सांगायचं?”

हे सांगायला मला एवढी पानं लागली, वहिनी. साताऱ्याला कोणीच येणार नव्हतं. कोणी आलंही नाही, आणि आपण समजत होतो की कोणीतरी गुपचूप येऊन, तुझं कपाळ लांबूनच पाहून परत फिरलं असेल. दादाला जावं लागलंच असतं, फौजदारही तेच म्हणतात. पण तुझ्यावर जे आलं ते कायद्यानं नाही, पोलिसांनी नाही. माझ्या भीतीनं आलं. अण्णांनी त्या पुतळ्याला अग्नी दिला तो माझ्या भीतीनं दिला. जिवंत माणसाचे दिवस घातले की त्याचं आयुष्य तुटतं, असं आळीतल्या हरणाबाई म्हणतात आणि ते ऐकल्यापासून अण्णा जेवताना मध्येच उठतात, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी चुलीत घातलं, पण त्यातलं ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

लढाई संपून चार महिने झाले. ब्रह्मदेशातून, मलायातून माणसं घरी येताहेत. जपान्यांकडे गेलेल्यांनाही आता सोडताहेत असं वर्तमानपत्रात येतं, त्यांच्यासाठी सभा भरतात. आता लपायचं कारण उरलेलं नाही. इलियासनं त्याला बेळगावच्या गाडीत बसवलं तेव्हा तो म्हणाला होता, “विनूला सांग, लढाई संपली की येतो.” इलियासला मी तेच पुन्हा पुन्हा विचारते, आणि तो बिचारा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगतो. “आसंच म्हनले हुते, बाई. हसून म्हनले हुते.”

मग तो येत का नाही? पत्र का नाही? त्याला कळलं असेल का, की घरी त्याचे दिवस घातले? का तो आजारी पडला, का कुठल्या परक्या गावात, कोणाला नावही न सांगता... वहिनी, मी त्या दिवशी जे बोलले ते नंतर कधीतरी खरं झालं असेल का? फौजदारांची मला कधी वाटली नाही एवढी भीती मला या प्रश्नाची वाटते. दिवसा काम करताना वाटते, माणसांत बसले असताना वाटते.

सोमवारी मी साताऱ्याला येते. यांना आजच सगळं सांगितलं. ते म्हणाले, मीही येतो. येताना कुंकू आणते. लावायचं की नाही ते तू ठरव. लावलंस तर आळीतल्या दारोदार जाऊन मी सांगेन की ती खबर माझी होती, मी रचली होती, गोदूचा त्यात काही दोष नाही. नाही लावलंस तरी मी दारोदार जाऊन तेच सांगेन. तू मला घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन.

लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. आयुष्यभर म्हणू देत. मला आता एकच हवं आहे. दादानं दारात उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, मला खोटारडी म्हणावं.

खोटी ठरायची वाट बघणारी,
तुझी विनू